३००चा प्लॅन, ४८०चं चित्र

एचडी चित्र पाहायला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात. फक्त ५. नेटफ्लिक्स १०८०पीसाठी हाच आकडा सांगतं. ७२०पीसाठी ३ आणि फोरकेसाठी १५. यूट्यूबचे आकडेही त्याच आसपासचे आहेत: ७२०पीला अडीच, १०८०पीला ५, फोरकेला २०. आता तुमच्या घरी किती एमबीपीएसचा प्लॅन आहे ते आठवा. शंभर? दोनशे? तीनशे? आणि तरीही सिनेमा लावला की चक्र फिरतं, माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, आणि फोन करून तक्रार केली की पलीकडून एकच सल्ला येतो: 'सर, प्लॅन अपग्रेड करून घ्या.'

करू नका.

घरात तीन पडदे एकाच वेळी एचडीत चालू आहेत आणि आतल्या खोलीत कुणाची ऑफिसची मीटिंग सुरू आहे, असं धरलं तरी गरज २५च्या पुढे जात नाही. चार माणसांच्या घराला ३० ते ५०चा प्लॅन व्यवस्थित पुरतो. मोठमोठ्या फायली उतरवायच्या असतील, पोरं शेकडो जीबीचे गेम डाउनलोड करत असतील, तर जास्तीचा वेग जरूर घ्या. पण चित्र अडतंय म्हणून ३०० घेणार असाल, तर ते पैसे चित्रावर खर्च होत नाहीत. चित्र भलत्याच ठिकाणी अडलेलं असतं आणि त्या ठिकाणाबद्दल तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण ते दुरुस्त करून कुणाचं बिल वाढत नाही.

बहुतेक घरांत ते ठिकाण म्हणजे चपलांच्या रॅकवरची भिंत.

फायबरचं कनेक्शन बसवायला येणाऱ्या मुलाचं काम एकदा नीट पाहा. डक्टमधून वायर खाली घेतो. दाराच्या चौकटीशेजारी ड्रिलने भोक पाडतो. वायर आत आली की हातभर अंतरावर, जिथे प्लगपॉइंट सापडेल तिथे, राऊटरचा डबा ठोकतो. वायर वाचते, वेळ वाचतो; त्याला त्याच दिवसात आणखी घरं उरकायची असतात. जोडणी झाली, हिरवे दिवे लागले की तो आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. कुठे उभा राहून? त्याच डब्याखाली. काटा सरसर वर जातो, आकडा भरघोस येतो, घरातला मोठा माणूस समाधानाने मान डोलावतो आणि ओटीपी सांगून मोकळा होतो. टीव्ही मात्र आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती, एक फ्रिज आणि लोखंडी कपाट. त्या खोलीत किती वेग पोचतो हे त्या दिवशी कुणी मोजलं नाही, पुढेही मोजत नाही.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. दोष त्याला तसं शिकवणाऱ्यांचा आहे आणि थोडा आपलाही. तो आलेला असतानाच 'डबा टीव्हीजवळ हवा, जास्तीच्या वायरचे पैसे देतो' एवढं म्हटलं, तर दहा मिनिटांचं काम असतं. नंतर त्याच कामासाठी पाच फोन करावे लागतात.

भिंतींमागे वायफायचं काय होतं तेही समजून घ्या. आपल्याकडचे राऊटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतात: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ची लाट भिंती बऱ्यापैकी पार करते, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चाळीस राऊटर या तीन चॅनेलवर एकाच वेळी बोलत असतात. वर ब्लूटूथ, वर मायक्रोवेव्ह ओव्हन, तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे, पण त्याला भिंत मानवत नाही. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे तो जवळजवळ संपतो. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतल्या दगडी भिंती असतील, तर एकच पुरे.

आणि इथे टीव्ही कंपन्यांचा वाटा येतो. ३२ इंची स्वस्त स्मार्ट टीव्ही घेताना दुकानदार ॲप्स दाखवतो, रिमोटवरची बटणं दाखवतो, आवाजाचे वॉट सांगतो. कित्येक स्वस्त मॉडेलांत वायफाय फक्त २.४चंच असतं, हे सांगत नाही. मग ३००चा प्लॅन आला काय आणि हजारचा आला काय, टीव्हीपर्यंत गर्दीच्या वेळी आठ-दहा एमबीपीएस पोचले तरी पुष्कळ.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. वायर टाका. राऊटरपासून टीव्हीपर्यंत साधी लॅनची केबल, भिंतीच्या कडेने, काहीशे रुपयांत. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, महागड्या टीव्हींचंसुद्धा. पण फोरकेला १५ ते २० लागतात; १०० कुठे कमी पडणार? शिवाय टीव्ही वायफायवरून उतरला की तेवढी हवा घरातल्या मोबाइलांना मोकळी होते. वायर दिसते, भिंतीची शोभा जाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी घराचं रंगकाम निघेल तेव्हा पट्टीतून घ्यावी. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी तर बिल्डरकडे दिव्यांच्या पॉइंटांसोबत प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट मागून घ्यावा. मॉड्युलर किचनसाठी लाख लाख मोजणारी माणसं हा पॉइंट मागत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बरं, वेग मोजायचा तर कुठला? नेहमीची स्पीड टेस्ट सर्वांत जवळचा सर्व्हर निवडते. तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये किंवा त्याच शहरात असतो. त्यातून कळतं ते एवढंच, की घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता चांगला आहे. नेटफ्लिक्सने २०१६मध्ये फास्ट डॉट कॉम नावाची चाचणी काढली, ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून माहिती ओढून मोजते. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये उघडता आली तर तिथेच उघडा. नाही तर मोबाइल घेऊन टीव्हीला खेटून उभे राहा. आणि दुपारी तीनला मोजू नका. रात्री नऊ ते अकरा मोजा. शेजारपाजारचे सगळे जेवून पडद्यासमोर बसलेले असतात तेव्हा जो आकडा येतो, तोच तुमचा खरा प्लॅन. दुपारी २०० आणि रात्री १२ येत असतील, वायर लावूनही तसंच येत असेल, तर मग घराचा दोष नाही. कंपनीने एका वाहिनीवर झेपतील त्याहून जास्त घरं बसवली आहेत. तेव्हा भांडा, आकड्यांचे स्क्रीनशॉट जोडून.

वेग भरपूर आहे आणि तरी चित्र अडखळतं, असंही पुष्कळ घरांत होतं. याचा छडा लावणारं हत्यार फुकट आहे आणि ते वापरणारा माणूस मला क्वचितच भेटतो. कॉम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ लावा, त्यावर उजवं क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची काळी पाटी उघडते. त्यात तीनच ओळी पाहायच्या. 'बफर हेल्थ': पुढच्या किती सेकंदांचं चित्र येऊन पडलं आहे. 'फ्रेम्स': त्यातल्या किती चौकटी गाळल्या, म्हणजे 'ड्रॉप्ड' झाल्या. 'कोडेक्स': चित्र कुठल्या पद्धतीने आवळलेलं आहे.

बफर शून्याकडे घसरत असेल, तर माहिती वेळेत येत नाही; नेटचा किंवा वायफायचा दोष. पण बफर तीस-चाळीस सेकंद भरलेला आहे आणि गाळलेल्या चौकटींचा आकडा मात्र डोळ्यांदेखत वाढतोय, तर नेट निर्दोष आहे. चित्र घरात आलेलं आहे. ते उलगडायला तुमच्या यंत्राचा दम पुरत नाही.

हा दम म्हणजे चिपचा. एचडी चित्र कच्च्या रूपात पाठवायचं तर घरचं साधं कनेक्शन पुरणार नाही, म्हणून ते आवळून पाठवतात. २००३ची एच.२६४ ही पद्धत जवळपास प्रत्येक यंत्राला येते. २०१३ची एचईव्हीसी तेवढंच चित्र साधारण निम्म्या माहितीत बसवते, २०१८ची एव्ही१ त्याहूनही कमीत. आवळणं जितकं घट्ट, तितकं सोडवणं अवघड. सोडवण्यासाठी चिपमध्ये खास जागा राखलेली असेल तर काम थंडपणे होतं. नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरायला लागतो आणि चौकटी गळतात. यूट्यूब १०८०पीच्या वरचं चित्र एच.२६४मध्ये देतच नाही. व्हीपी९ नावाच्या आणखी एका पद्धतीत किंवा एव्ही१मध्ये देतं. इंटेलच्या चिपांमध्ये व्हीपी९ नीट उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची अकराव्या पिढीपासून. त्यामुळे दहा वर्षांच्या लॅपटॉपवर फोरके अडखळत असेल, तर नेटवाल्याशी भांडू नका. १०८०पीवर या, चौदा-पंधरा इंची पडद्यावर फरक दिसणारही नाही.

स्वस्त टीव्हीचंही तेच. १ जीबी रॅम, ८ जीबी साठा, त्यात आधीच भरलेली डझनभर ॲप्स. दोन वर्षांत ॲप्स जाड होतात, टीव्ही तोच राहतो. अशा वेळी टीव्ही बदलायला धावू नका. एचडीएमआयला लावायची चांगल्या कंपनीची स्ट्रीमिंगची काडी घ्या. टीव्ही मग फक्त पडदा म्हणून काम करतो आणि ते काम त्याला येतं.

आता मला ज्याचा खरा राग येतो, तो प्रकार. फोन नवा, पडदा फुल एचडी, नेट भरपूर, सबस्क्रिप्शन महागातलं. आणि तरी चित्र ४८०पी. का? तर पैसे देऊन पाहायच्या चित्रांना कुलूप असतं. अँड्रॉइडवर ते कुलूप गुगलच्या वाइडवाइनचं. फोनला एल१ दर्जा असेल तर कुलूप चिपच्या सुरक्षित कप्प्यात उघडतं आणि एचडी मिळतं. एल३ असेल तर कुलूप नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. त्यावर सिनेमा कंपन्यांचा भरवसा नाही, म्हणून नेटफ्लिक्ससारखी ॲप्स साध्या दर्जाचं चित्र देतात. वनप्लस ५ आणि ५टी हे २०१७चे महागडे फोन. दोन्ही एल३ होते. एचडी हवं असेल तर ग्राहकाने फोन कंपनीकडे पाठवून सुधारून घ्यावा, असा तोडगा २०१८मध्ये निघाला. २०१८चा पोको एफ१ आपल्याकडे तुफान विकला गेला, त्याच्याही बाबतीत तेच. एल१ मिळालं पुढच्या वर्षी. बाजारातल्या बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्सना तर ते कधीच मिळत नाही, खोक्यावर 'फोरके' छापलेलं असलं तरी.

फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोठ्या टायपात असतात. एल१ की एल३, हे बारीक टायपातही नसतं. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये सेटिंग्जखाली 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' नावाची ओळ आहे. तिथे दर्जा आणि कमाल चित्र दोन्ही लिहिलेलं सापडतं. म्हणजे फोन विकत घेऊन, सबस्क्रिप्शन भरून, ॲपच्या पोटात शिरल्यावर. ही माहिती दुकानातच मिळायला हवी, खोक्यावर छापलेली.

प्रोजेक्टरचा बाजार तर याहून खालच्या पातळीवर गेलेला आहे. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणाऱ्या प्रोजेक्टरवर '१०८०पी सपोर्टेड' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, १०८०पीचं चित्र तो स्वीकारतो. दाखवतो मात्र स्वतःच्या ताकदीने, आणि ती पुष्कळदा ८०० बाय ४८० ठिपक्यांची असते. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' ही एकच ओळ शोधा. ती दिली नसेल तर घेऊ नका. टीव्हीतसुद्धा 'एचडी रेडी' म्हणजे बहुतेक १३६६ बाय ७६८. त्यावर १०८०पीचं सबस्क्रिप्शन घेण्यात अर्थ नाही.

सबस्क्रिप्शनच्या बाबतीत निदान आकडा लिहिलेला तरी असतो. नेटफ्लिक्सने २०१९मध्ये फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन आपल्याकडे काढला, १९९ रुपयांचा. २०२१च्या डिसेंबरात तो १४९वर आणला. चित्र ४८०पी, हे त्यांनी उघड सांगितलं. सहा इंची पडद्यावर, लोकल ट्रेनमध्ये उभ्याने पाहणाऱ्याला तेवढं पुरतं आणि माझ्या मते तो प्रामाणिक सौदा आहे. मोबाइल डेटाचा हिशेबही तेच सांगतो. सेकंदाला ५ मेगाबिटने चाललेलं एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं. रोजचा दीड जीबी ४० मिनिटांत संपतो आणि मग उरतो ६४ केबीपीएस, ज्यावर चित्र सोडाच, व्हॉट्सॲपचा फोटोही रेंगाळतो. घरच्या फायबरला ही भीती नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते. एक टीव्ही एचडीत महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवला तरी १,६२० जीबी होतील.

क्रिकेटची गोष्ट वेगळी. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. प्रत्येकी फक्त २ मेगाबिट धरले तरी सेकंदाला ११८ टेराबिट. कारण नेटवर प्रत्येकाला चित्राची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. डिशचं तसं नाही; उपग्रहाचा एकच सिग्नल दहा घरांनी घेतला काय आणि दहा कोटींनी घेतला काय, भार तोच. म्हणून गावाकडे आई-वडील मुख्यतः सामने, बातम्या आणि मालिका पाहत असतील, तर हौसेने त्यांची डिश उतरवून स्मार्ट टीव्ही गळ्यात मारू नका. कोकणच्या पावसात डिश जाते हे खरं. पण बाकीचे महिने एचडी चॅनेलचं चित्र न अडखळता येतं आणि विकेट पडल्याचं शेजारच्या ओरडण्यावरून आधी कळत नाही.

फायबर घेतलाच असेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. मागचं लेबल वाचून त्याच व्होल्टचा घ्यायचा. फायबर नेटवर्कमध्ये सिग्नल वाटणारा स्प्लिटर बहुधा विजेशिवाय चालतो, त्यामुळे गल्लीची वीज गेली तरी नेट तुमच्या घरापर्यंत आलेलं असतं. फक्त डबा मेलेला असतो. तालुक्याच्या गावी, जिथे भारनियमनाचं वेळापत्रक पाठ असतं, तिथे प्लॅनच्या वाढीव एमबीपीएसपेक्षा या छोट्या खोक्याचा उपयोग कितीतरी जास्त.

हे सगळं नेट पोचलेल्या घरांपुरतं. महाराष्ट्रात अशी गावं अजून आहेत जिथे राऊटर कुठे ठोकावा हा प्रश्नच येत नाही, कारण ठोकायला काही नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये कोकणातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर चढून बसत होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये नेटवर्कवर ताण नको म्हणून स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइलवरचं एचडी बंद करून १४ एप्रिलपर्यंत ४८०पीच ठेवलं होतं. ते योग्यच होतं. पण त्या गावांना तेही दिसत नव्हतं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ला मंजूर झाली, २०१५ला तिचं नाव भारतनेट झालं. पंचायतीच्या कचेरीपर्यंत वायर पोचणं आणि वाडीवरच्या घरात चित्र दिसणं यांत अजून पुष्कळ अंतर आहे.

आणि सरकारी कागदावर ते अंतर दिसतही नाही. आपल्या देशात 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला किती वेग लागतो? २००४मध्ये २५६ केबीपीएस लागायचा, २०१३मध्ये ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३पासून २ एमबीपीएस. एचडीच्या सर्वांत खालच्या पायरीला, ७२०पीला, यूट्यूब अडीच मागतं आणि नेटफ्लिक्स ३. म्हणजे ज्या जोडणीवर शाळेतल्या पोराला फळ्यावरची अक्षरं नीट दिसणार नाहीत, तीही आपल्या आकडेवारीत ब्रॉडबँड म्हणून मोजली जाऊ शकते. फोनच्या खोक्यावर एल१ छापायला लावणं, प्रोजेक्टरवर नेटिव्ह रिझोल्यूशन सक्तीचं करणं, ही कामं करायचीच आहेत. पण दूरसंचार खात्याने सुरुवात या व्याख्येपासून करावी: किमान ५ एमबीपीएस, आणि तेही ग्राहकाच्या घरात, रात्री नऊच्या गर्दीत मोजलेले.